परीक्षक कोण आहेत?

स्पर्धेचं पत्रक हाती आलं की नवखा चित्रकार बक्षिसाची रक्कम बघतो, जरा मुरलेला प्रवेश फी बघतो आणि आमचे सर पत्रक शेवटून वाचायला घेतात. परीक्षकांची नावं तळाशी असतात. तिथं ती नसली तर सर आयोजकांना फोन लावतात. 'सहज विचारलं हो,' असं म्हणतात, पण त्या सहजमागे पुढच्या महिन्याची सगळी आखणी असते. परीक्षक पोर्ट्रेटवाले निघाले तर यंदाच्या निसर्गचित्रात माणसं वाढतात. नाइफवाले निघाले तर रंगाला जाडी येते. आणि अमूर्तवाले निघाले तर सर आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाहीत.

असा माणूस एका गावापुरता नसतो. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या हायस्कुलात तो चित्रकला शिकवत असतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घटवून घेतो. गॅदरिंगचा पडदा रंगवतो, निरोप समारंभाच्या फळ्यावर गुलाब काढतो, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात स्टेजवरचं नाव थर्माकोलमध्ये कापून देतो. आणि रविवारी पहाटे बोर्ड, स्टूल, पाण्याची बाटली घेऊन एसटीत चढतो. आमच्या सरांचं स्टूल धरायला बऱ्याचदा मी असतो. मला चित्रातलं फार कळत नाही, म्हणूनच त्यांनी मला बरोबर घेतलं असावं. मी काही सुचवत नाही.

'ऑन द स्पॉट' स्पर्धा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सकाळी आठला मेणवलीच्या घाटावर हजर व्हायचं. आयोजक तुमच्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर शिक्का मारून देतात, म्हणजे घरून चित्र रंगवून आणायची सोय बंद. पोहे होतात, चहा होतो, मग शंभरावर माणसं जागा धरायला पांगतात. जागा ठरलेल्याच. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ आणि ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत येऊन टांगल्या गेल्या, त्यांतली ही एक. घाटावर 'स्वदेस'चं चित्रीकरण झाल्यापासून प्रेक्षकांचीही कमी नसते. ते चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून बघतात आणि शाहरुख खान नेमका कुठल्या पायरीवर बसला होता ते विचारतात. सरांनी एकदा वैतागून एक पायरी दाखवली, तर त्या कुटुंबानं तिथंच बसून फोटो काढले आणि दोन तास सरांचा फोरग्राउंड अडवला.

दुपारी एकला शिट्टी. सगळी चित्रं फरसावर ओळीनं मांडायची, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवायचे. परीक्षक हात पाठीमागे बांधून ओळींमधून फिरू लागतात. सर त्या वेळी पिंपळाखाली उभे राहून त्यांच्या पायांकडे बघत असतात. चेहरा फसवतो, पाय फसवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पाय थांबले तर आशा आहे. थांबून एक पाऊल मागं गेले तर बक्षीस नक्की. सरांच्या चित्राशी पाय सहसा थांबत नाहीत. एकदा थांबले होते, ते चपलेतला खडा काढायला.

निकाल लागला की लोक सामान आवरतात. सरांचं काम मात्र तिथून पुढं सुरू होतं. गाडीत बसायला निघालेल्या परीक्षकांना ते गाठतात. "सर, दोनच मिनिटं. माझं काय चुकलं?" बक्षीस न मिळालेले बाकीचे लोक या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत, कारण परीक्षकांचं काय चुकलं ते त्यांना पाठ असतं. सरांचं वेगळेपण इथं आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. रागावण्याचा हक्क असताना हा माणूस शिकायला जातो.

शिकलेलं लिहून ठेवायला वही आहे. शाळेचा जुना हजेरीपट उलटा करून सरांनी त्यात पट्टीनं चार रकाने आखलेत : स्थळ, परीक्षक, दोष, उपाय. विषय बहुतेक वेळा मेणवलीचा घाटच. तो घाट काही पेशवाईनंतर बदललेला नाही, पण सरांच्या कागदावर त्याचे जे हाल झाले ते कृष्णेच्या पुरानंही कधी केले नसतील.

सुरुवातीच्या नोंदीत परीक्षक म्हणतात, चित्र नीटनेटकं आहे, पण माणूस नाही, सगळं निर्जीव वाटतं. उपाय : माणसं घालणे. पुढच्या वर्षी सरांनी पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या तीन बायका बसवल्या. त्या वर्षीचे परीक्षक म्हणाले, या बायका वरून चिकटवल्यासारख्या दिसतात, एवढ्या भव्य घाटाला माणसांची गरजच काय? तिघींमधल्या दोघी गेल्या. उरलेलीला पुढच्या परीक्षकांनी लाल लुगडं नेसवायला सांगितलं, करड्या दगडात नजर ठरायला एक जागा हवी म्हणून. सरांनी नेसवलं. त्यानंतरचे परीक्षक चित्र बघताच कपाळाला हात लावून म्हणाले, "पुन्हा लाल लुगडं! अहो मास्तर, आज या फरसावर निदान चाळीस लाल लुगडी वाळत पडलीत. घाटावर एक तरी बाई आहे का?" नव्हती. घाटावर त्या दिवशी एक म्हैस पाण्यात बसली होती आणि तिला कुणीच चित्रात घेतलं नव्हतं.

पांढऱ्या रंगाचं प्रकरण याहून अवघड. एका जाणत्या परीक्षकांनी दरडावलं, की जलरंगात पांढरा म्हणजे कागद, बाहेरून पांढरा लावणं हा गुन्हा आहे. सरांनी घरी येऊन पांढऱ्या ट्यूब आठवीतल्या मुलांना वाटून टाकल्या. पुढच्या स्पर्धेत दुसरे तितकेच जाणते परीक्षक म्हणाले, पाण्यावरची चकाकी मेली आहे, दोन थेंब पांढरा टाकायचा की, कोण बघतंय? सोमवारी आठवीच्या वर्गात सर बराच वेळ घुटमळले. वाटलेल्या ट्यूब परत मागायच्या कशा?

आता माझं मत सांगतो, कारण इथं सर नाहीत. हे सगळे परीक्षक खरंच बोलत होते, फक्त सरांच्या चित्राबद्दल नव्हते बोलत. जो माणूस आयुष्यभर कागद कोरा सोडायला शिकला, तो दुसऱ्याच्या चित्रात कोरा कागद शोधतो. ज्याला माणसं काढता येतात त्याला रिकामा घाट ओसाड वाटतो. सरांच्या चित्रातली खरी खोट अगदी वेगळी आणि अगदी साधी होती. सकाळी आठला सुरू केलेल्या वाड्याच्या सावल्या लांब पडतात. बारानंतर रंगवलेल्या पायऱ्यांपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो, सावल्या आखडून पायाशी येतात. सर जे दिसेल ते त्या त्या वेळी इमानानं रंगवत. त्यामुळं त्यांच्या मेणवलीवर एकाच वेळी दोन सूर्य तळपत असत. हे एका वयस्कर परीक्षकांच्या लक्षात आलं. ते चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, "मास्तर, आल्या आल्या पेन्सिलीनं सावल्यांच्या कडा बांधून घ्या. नंतर सूर्य काय करतोय तिकडं बघू नका." त्यात ना 'आशय' हा शब्द होता, ना 'अवकाश'. इतकं सोपं वाक्य टीका म्हणून धरायला सरांचं मन तयार होईना. त्यांनी ते रकान्यात न लिहिता समासात बारीक अक्षरात टिपलं.

घरची टीका वहीत जात नाही. वहिनींनी एकदा भाजी निवडता निवडता चित्राकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, नदीच्या पायऱ्यांना शेवाळ कसं नाही? एवढ्या स्वच्छ पायऱ्या कुणी घासल्या?" हा मुद्दा मुंबईहून आलेल्या एकाही परीक्षकाला सुचला नव्हता. शेजारच्या निवृत्त सर्कलसाहेबांचा सल्ला तर कायमचा ठरलेला : रविवर्म्यानं ती हातात दिवा घेतलेली बाई काढली, तसं काहीतरी काढा. मग सर पुन्हा सांगतात, की साहेब, ती रविवर्म्याची नाही, आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांची, मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. साहेब म्हणतात, "कुणाची का असेना, दिवा बघा कसा पेटलाय."

मुंबईतल्या वार्षिक प्रदर्शनांनाही सर चित्रं पाठवतात. तिथं परीक्षकांचे पाय बघायची सोय नसते. काही आठवड्यांनी निवडलेल्यांची यादी येते आणि ती सरांनी दोनदा वाचली की आम्हाला निकाल कळतो. या कामासाठी त्यांनी कलेचा इतिहास दोन भागांत वाटून ठेवला आहे. फॉर्म भरताना अमृता शेरगिल : परीक्षकांना कळतं म्हणून तर १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. यादी आल्यावर पॅरिस : परीक्षकांना कळलं असतं तर १८६३ मध्ये सलाँ या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात माने या चित्रकाराचं चित्र नाकारलं असतं का? त्या वर्षी इतकी चित्रं परत गेली, की ओरड तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर पोचली आणि त्यानं नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोक तिथं हसायला येत. सर हे सांगू लागले की वहिनी आतून विचारतात, "आपल्याकडं आहे का असा कुणी नेपोलियन?"

सेझानची गोष्ट मात्र ते मला एकदाच बोलले, तीही हळू आवाजात. वर्षानुवर्षं नाकारला गेलेला हा माणूस १८८२ मध्ये एकदाचा सलाँमध्ये शिरला, तो परीक्षक मंडळातल्या गीयमे नावाच्या मित्राचा 'शिष्य' म्हणून. "म्हणजे ओळख तिथंही लागते," सर म्हणाले. पॅरिसबद्दल त्यांना एवढा आपलेपणा त्याआधी कधी वाटला नव्हता.

यंदा मेणवलीच्या पत्रकावर अमूर्त चित्रकाराचं नाव होतं. सर महिनाभर वर्तमानपत्रावर सराव करत होते. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी घाट उभ्याउभ्या पुसून टाकला. वाडा, कळस, घंटा, सगळं ओल्या करड्या पट्ट्यांमध्ये विरघळवलं. थंडीमुळं वॉश लवकर वाळेना, एका रंगाचं पाणी दुसऱ्यात शिरलं, सरांनी ते तसंच राहू दिलं. एकला शिट्टी झाली आणि आयोजकांनी माइकवरून सांगितलं, की नियोजित परीक्षक प्रकृतीच्या कारणानं येऊ शकले नाहीत, त्यांच्याऐवजी पोर्ट्रेटमधलं एक फार मोठं नाव आपल्याला लाभलं आहे. टाळ्या वाजल्या. सरांनी माझ्या हातातलं स्टूल घेतलं आणि त्यावर बसले.

पण पाय थांबले. मी स्वतः पाहिलं. थांबले आणि एक पाऊल मागं गेले. बक्षीस मिळालं नाही, ते म्हैस काढणाऱ्या एका कॉलेजच्या पोराला गेलं आणि योग्यच गेलं. सर सवयीनं गाडीपाशी पोचले, दोन मिनिटं मागितली. परीक्षकांनी त्यांना ओळखलं. "ते विरघळलेलं तुमचं का? घाट काही सापडला नाही मला त्यात. पण हा करडा कसा केलात?"

"अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना, सर. काळा वापरू नका असं एका परीक्षकांनी सांगितलं होतं."

"फार सुरेख उतरलाय. पहाटे नदीवर असाच असतो. इतक्या चित्रांत तेवढाच लक्षात राहिला माझ्या." काच वर गेली.

एसटीत सरांनी वही काढली. स्थळ लिहिलं, परीक्षक लिहिले आणि पेन तिसऱ्या रकान्यावर अडकलं. स्तुतीसाठी वहीत जागाच आखलेली नव्हती. पाचवड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग 'दोष'खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : करडा फार लक्षात राहतो. आणि शेजारच्या रकान्यात, उपाय : पुढच्या वेळी कमी करणे.