मिठीतला मुद्देमाल

ऑरेगॉन राज्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मल्टनोमा धबधबा 189 मीटर उंच आहे, पाहिला. क्रेटर लेक हा अमेरिकेतला सगळ्यांत खोल तलाव, 592 मीटर. तोही पाहिला, निळा आहे. पॅसिफिक महासागरात पाय बुडवून हिने "याच्यापेक्षा आपलं अकोल्याचं काटेपूर्णा धरण बरं" असा निकाल दिला. प्रवासवर्णन इथंच संपायला हरकत नव्हती. पण जावयाच्या न्हाणीघरात मला सडवा सापडला.

ज्यांनी कधी हातभट्टीवर छापा घातलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भट्टीवर चढवायच्या आधी गूळ नाहीतर मोहफुलं पाण्यात आंबत ठेवतात, तो सडवा. मी राज्य उत्पादन शुल्क खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. उभी नोकरी नाल्याकाठी गेली. पहाटे जायचं, वाळूत पुरलेले माठ हुडकायचे, दोन पंचांना झोपेतून उठवायचं, नमुना बाटलीत घ्यायचा, उरलेलं ओतून द्यायचं, दारूबंदी कायद्याचं कलम 65 लावायचं आणि दुपारी जेवायला घरी. 'मुद्देमाल जागीच नष्ट केला' हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय, की लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर 'शुभाशीर्वाद' लिहितानाही हात तिकडंच वळतो.

तर पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन गावी, जावईबापूंच्या बाथटबमध्ये, काचेचा एक भला थोरला बुधला बसलेला. टबात वीतभर पाणी, बुधल्याच्या अंगात ओला टी-शर्ट, समोर टेबलफॅन. तोंडाला बूच, बुचात वाकडी नळी आणि नळीतल्या पाण्यातून बुडुक, बुडुक. दिवा लावायच्या आधीच वास ओळखला. माणूस निवृत्त होतो, नाक होत नाही.

"बिअर आहे, बाबा," जावई मागून म्हणाला, आणि पुण्याचा असल्यामुळे खुलासाही जोडला. अमेरिकेतली दारूबंदी 1933 साली उठली तेव्हा घरच्या घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केल्यावर सुटली. आता घरात दोन सज्ञान माणसं असली की वर्षाला 200 गॅलन. मी मनात हिशेब केला. 757 लिटर! एवढा माल एका घरात सापडला असता तर आमच्याकडं पंचांना डबे घेऊन बोलवावं लागलं असतं.

"आणि विकायची नाही," जावई म्हणाला.

"विकायची नाही तर करायची कशाला?" मी विचारलं. सगळ्या नोकरीत असा आरोपी भेटला नव्हता.

हे सगळं एरवी गोडीगुलाबीत मिटलं असतं. पण तो ऑगस्ट 2023. इकडं अकोल्यात पावसाळा, आणि तिकडं पोर्टलंडचा पारा 14 तारखेला 108 फॅरनहाइट, म्हणजे 42 अंशांवर. आम्हाला 42चं काय कौतुक! पण तिथल्या काही घरांत एसी नसतो, पंखासुद्धा पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा असतो. जून 2021 मध्ये तिथं 46.7 झालं होतं, तेव्हापासून आभाळ निरभ्र दिसलं की लोकांच्या चेहऱ्यावर ढग येतात.

जावयाला घराची काळजी नव्हती, बुधल्याची होती. त्यातलं यीस्ट म्हणे अठरा-वीस अंशांत सुखी असतं. त्यापलीकडं गेलं की ते पिसाळतं, नको ती जड अल्कोहोलं तयार होतात आणि पिणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. यीस्ट आदल्या संध्याकाळीच टाकलेलं, म्हणजे ऐन उकळीचा दिवस. मी ओल्या टी-शर्टाकडं पाहिलं आणि वऱ्हाडी रक्त उसळलं. "टी-शर्टानं काय होते, बापा! गोणपाट आण. खिडकीला वाळ्याची ताटी लाव." बीव्हर्टनला गोणपाट मिळत नाही. वाळ्याचं तर नावच काढू नका.

शेवटी त्याच्या घरी बिअर करणाऱ्या मंडळींतल्या एका दाढीवाल्यांचा फोन आला. पलीकडं पोर्टलंडच्या पूर्वेला त्यांचं जुनं घर, घराला तळघर, तळघर थंड. ज्यांची ज्यांची बिअर संकटात असेल त्यांनी ती घेऊन यावं. पूरग्रस्तांना शाळा उघडून देतात तशी त्यांनी तळघराची दारं उघडली होती.

डिकीत साठवणीच्या बाटल्यांची खोकी भरली. बुधल्याला जागा उरली ती मागच्या सीटवर. 19 लिटर माल, वर काचेचं वजन. त्याला पट्टा बांधला, एसीची तोंडं त्याच्याकडं वळवली, आणि तो कलंडू नये म्हणून शेजारी मला बसवून माझा हात त्याच्या कमरेभोवती घालण्यात आला. ही पुढं बसली, मांडीवर अनारशांचा डबा. अधिक महिना होता ना! जावयाला तीस-तीन अनारसे द्यायला आम्ही सातासमुद्रापार आलो होतो, आणि जावई माझ्या मिठीत स्वतःचा सडवा देऊन गाडी चालवत होता.

वाटेतल्या बोगद्याच्या अलीकडं गाड्या तुंबल्या. तो रस्ता तिथं रोजच तुंबतो म्हणे. आमच्या उजव्या बाजूला पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि जावयाची मान खांद्यात गेली.

"काय झालं?"

"काही नाही. इथं प्रवाशांच्या जागेत उघडी दारू ठेवता येत नाही, बाबा."

मी बुधल्याकडं पाहिलं. "ही उघडी आहे की बंद?"

"एअरलॉक आहे. आतला वायू बाहेर येतो, बाहेरचं आत जात नाही."

"म्हणजे उघडी."

"पण अजून दारू झालेली नाही! कालच तर यीस्ट टाकलं."

हा मुद्दा वकिली होता आणि मला मनापासून आवडला. सडवा दारू कधी होतो? आमच्या कायद्यात सोय आहे, आंबवलेलं रसायन सापडलं तरी गुन्हा. ते दारू होईस्तोवर कुणी वाट बघत नाही. मी हे समजावून सांगितलं. जावयाला त्यानं धीर आला असं वाटलं नाही. मग त्यानं ऑरेगॉनचा किस्सा सांगितला. 2010 साली तिथल्या सरकारी वकिलांनी जुना कायदा नीट वाचला आणि त्यांना आढळलं, की घरी केलेली बिअर घरातच प्यायची आहे, उंबऱ्याबाहेर नेता येत नाही. राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली. 2011 मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठं ती उंबरा ओलांडू शकली. जावई हे चिडून सांगत होता. मला मात्र त्या कायदा वाचणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल फार जिव्हाळा वाटला. इतकी वर्षं सगळे ज्यावरून चालत जातात ते कलम खाली वाकून वाचणारा!

तेवढ्यात बुडबुडे थांबले.

ज्यानं सडव्याजवळ रात्री काढल्यात त्याला ही शांतता कळते. "गप्प झाली रे," मी म्हणालो. जावयानं आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. गाडीच्या हिसक्यांनी आतला फेस वर चढून नळीत अडकला होता. वायूला वाट नव्हती. "बाबा, बूच हळूच सैल करा." मी हळूच हात नेला. बुचानं माझी वाट पाहिली नाही. फट् करून ते छताला लागलं, हिच्या अंबाड्यावर आपटलं आणि अनारशांच्या डब्यावर येऊन बसलं. पाठोपाठ फेस. तपकिरी, चिकट, हॉप्स नावाच्या कडू फुलांच्या चुऱ्यानं भरलेला, माझ्या नव्या शर्टावर, चष्म्यावर, मिशीत. मी तळहात बुधल्याच्या तोंडावर दाबला, तर तो बोटांच्या चारी फटींतून चार दिशांना उडू लागला.

"बाबा, फेसाला घाबरायचं नाही!" जावई ओरडला. हा त्या मंडळींचा घोष आहे. मुळात तो बाटल्या निर्जंतुक करायच्या औषधाच्या फेसाबद्दल आहे, पण अशा वेळी कोण खोलात जातो?

"अहो, ओतून द्या की खिडकीबाहेर! जन्मभर तेच तर केलं!" ही म्हणाली.

खरं होतं. आणि मी दोन्ही हातांनी ते वाचवत होतो.

पोलिसानं काच खाली केली. मागच्या सीटवर फेसानं माखलेला एक म्हातारा काचेच्या बुधल्याला मिठी मारून बसलेला त्याला दिसला. "सर, आर यू ओके?" त्यानं मला विचारलं. मी तोंड उघडलं तर फेस आत गेला. जावयानं केविलवाणं हसून एवढंच सांगितलं, "माझे सासरे." पोलिसानं मान डोलवली, आमच्या जावयाकडं सहानुभूतीनं पाहिलं आणि काच वर केली. पुढच्या गाड्या हलल्या.

तळघरात गेल्या गेल्या दाढीवाल्यांनी बुधल्याला जाड रबरी नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. ती आधीच जोडायची असते, हे जावयानं तोंड धुता धुता मान्य केलं. मग मंडळी बसली. टपालखात्यातून निवृत्त झालेले दाढीवाले, एक नर्सबाई आणि दोन्ही कान टोचलेला एक पोरगा. पहिला प्रश्न, 'काय पिताय?' उत्तर देण्याआधी पेला उजेडात धरायचा, हुंगायचा, घोट घ्यायचा आणि मग आपल्याच बिअरला नावं ठेवायची. फार गोड झाली, घाईनं भरली, हॉप्स उशिरा टाकले. "हळदीकुंकवाच्या बायका बऱ्या," ही माझ्या कानात म्हणाली, "त्या निदान दुसरीच्या चिवड्याला नावं ठेवतात."

पण साठवणीवर बोलणं आलं की विनोद बंद. बाटली उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. अंधारात ठेवायची, कारण उजेड लागला की हॉप्समधली द्रव्यं बिघडून स्कंक नावाच्या प्राण्याची दुर्गंधी सुटते. म्हणून बाटली तपकिरी, हिरवी काच नुसती शोभेची. हवा शिरली तर महिन्या-दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव. आयपीए नावाची बिअर ताजीच संपवायची, बार्लीवाइन नावाची जड बिअर मात्र वर्षानुवर्षं मुरवायची. नर्सबाई पीत होत्या ती नॉर्वेच्या खेड्यांतल्या क्वाइक यीस्टची. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या लाकडी कड्यांवर वाळवून जपलेलं हे यीस्ट पस्तीस-चाळीस अंशांत खुशाल काम करतं. "अकोल्यासाठीच जन्मलं," मी म्हणालो.

मग त्यांनी माझी चौकशी केली. जावयानं माझा हुद्दा सांगितला तेव्हा पोरग्यानं पेला खाली ठेवला. मी त्याला अभय दिलं आणि आमच्याकडं माठ नाल्याच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत कसे पुरतात, वर पाला कसा घालतात, ऐन मेमध्ये आत हात घातला तरी माल कसा गार लागतो, ते सांगितलं. दाढीवाले लिहून घेत होते. माझ्या जबान्या लोकांनी कोर्टातसुद्धा इतक्या मन लावून ऐकल्या नव्हत्या. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि 1949च्या कायद्याखालचा तो परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो, हे ऐकून तर तळघर दणाणलं. त्यांना आमचं राज्य फार पुढारलेलं वाटलं.

जावई वर अनारसे आणायला गेला तेव्हा नर्सबाईंनी एका खोक्याकडं बोट दाखवलं. आमच्याच डिकीतून आलेलं होतं. बाटल्यांच्या झाकणांवर काळ्या शाईत 'मे 21'. "ही तो कधीच उघडत नाही. विचारलं की म्हणतो, अजून मुरतेय." मे 2021. आमचे व्याही त्याच महिन्यात पुण्यात कोविडनं गेले. जाता येत नव्हतं. यानं सगळं मोबाइलवर पाहिलं आणि त्या रात्री स्वयंपाकघरात एकटा उभा राहून ही बार्लीवाइन केली. मुलीनं आम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. व्याही गणिताचे मास्तर, आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. सोयरीक ठरताना माझं खातं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

खोकं जिन्याजवळ होतं, तिथं झरोक्यातून ऊन येत होतं. मी ते उचलून भिंतीच्या कडेला, जमिनीलगत सरकवलं, आणि अंगावरचा ओला शर्ट काढून वर घातला. तसाही तो गेलाच होता.

"बाबा, शर्ट कुठाय?" जावई डबा घेऊन येत म्हणाला.

"जप्त झाला," मी म्हणालो.

अनारसे गाजले. तांदूळ तीन दिवस भिजवतात हे कळताच दाढीवाल्यांनी भुवया उंचावल्या आणि हवेतलं कोणतं यीस्ट वापरता म्हणून विचारलं. "आम्ही रोज पाणी बदलतो, म्हणावं," ही म्हणाली. तीस-तीनांपैकी जावयाच्या वाट्याला किती आले ते मोजलं नाही. दान आधीच मोजून दिलं होतं.

पुढं अमेरिकेहून निघताना जावयानं बॅगेत त्याच बुधल्यातली एक आयपीए घातली, हिच्या काठपदराच्या साडीत गुंडाळून. प्रवाशाला दोन लिटर आणता येतात, हे मी त्याला कलमासकट सांगितलं. आता ती अकोल्याच्या फ्रिजमध्ये आहे. उभी आहे, अंधारात आहे, समोर लिंबाच्या लोणच्याची बरणी पहाऱ्याला. दर रविवारी जावयाचा फोन येतो, "बाबा, प्यायलात का? शिळी होईल." माझा परवाना केव्हाच संपलाय. आणि लोकांचे अर्ज कितीही पुढं सरकवले असले, तरी स्वतःच्या अर्जावर आरोग्याचं कारण लिहायचं तर ते खरं असावं, म्हणून आमच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. त्यांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, छातीचा आलेख काढला. म्हणाले, "तब्येत एकदम उत्तम आहे, तुम्हाला कसलीच गरज नाही."