ठिपक्याची शिकार

टेक्सासमध्ये रानडुक्कर मारायला २०१९पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. जमीन खासगी हवी, मालकाची परवानगी हवी, बस्स. रात्र चालते; २०११पासून हेलिकॉप्टरही चालतं. एवढी मोकळीक मिळाल्यावर अवघड काम एकच उरलं: रायफलीवरचा थर्मल स्कोप निवडणं.

रायफल पाच-सातशे डॉलरची, स्कोप तीन-चार हजारांचा. नाकापेक्षा मोती जड. वर मोत्याला बॅटरी लागते.

खोक्यावर सगळ्यात ठळक काय? ‘डिटेक्शन रेंज १८०० मीटर’. वाचूनच छाती फुगते. आता जरा गणित करा. सेन्सर ३८४ बाय २८८, पिक्सेल १२ मायक्रॉनचा, लेन्स ३५ मिलिमीटरची. १८०० मीटरवर एका पिक्सेलमध्ये साठेक सेंटिमीटर मावतात. म्हणजे सहा फुटी माणूस तीन ठिपके उंच. आणि डुक्कर? एक. फार तर सव्वा.

सव्वा ठिपक्यावर बार काढणार?

डिटेक्शन म्हणजे ‘तिथे काहीतरी गरम आहे’, एवढंच. ते डुक्कर आहे, शेजाऱ्याचं वासरू आहे की खुद्द शेजारी, याची जबाबदारी खोकं घेत नाही.

हे काही आज कळलेलं नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी १९५८मध्येच निकष मांडले. आजच्या हिशेबात, काहीतरी आहे हे कळायला दोन पिक्सेल, प्रकार कळायला आठ, नेमकी ओळख पटायला तेरा. आणि एवढे पिक्सेल मिळाल्यावर खात्री किती? ५० टक्के.

छापा की काटा!

मग येतात मिलिकेल्विन, म्हणजे सेन्सर किती बारीक तापमानफरक टिपतो त्याचा आकडा. कुणाचे २५, कुणाचे २०, कुणाचे त्याहून कमी. अंशाच्या हजाराव्या भागावरून चढाओढ. आकडा लहान तेवढा चांगला, हे खरं. पण तो मोजतात प्रयोगशाळेत. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या दमट, धुकट रात्रीने ती जाहिरात वाचलेली नसते.

झूम आठपट, सोळापट. डिजिटल झूम नवं काही दाखवत नाही. आहे तोच ठिपका फुगवतो. मोबाइल घेताना मेगापिक्सेलला भुललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

लेन्स जर्मेनियमची असते, कारण स्कोप टिपतो ती उष्णता साध्या काचेतून आरपार जात नाही. तेव्हा गाडीच्या काचा वर करून एसीत बसून सावज हेरायचा बेत असेल, तर हजारो डॉलर मोजून काचच बघायला मिळेल.

मग घ्यायचं काय? डुकरावरच्या गोळ्या बहुतेक दीड-दोनशे मीटरच्या आतच सुटतात. तिथे ६४० बाय ५१२चा सेन्सर, बेताचं मॅग्निफिकेशन आणि पळता कळप मावेल एवढी रुंद चौकट कामाला येते. दुकानदाराला एकच विचारा: दीडशे मीटरवर वासरू आणि डुक्कर वेगळं ओळखता येईल का?

तो व्हिडिओ रेकॉर्डिंगचं बटण दाखवेल.

आणि रायफलीवरच्या स्कोपमधून ‘कोण आहे बघू’ म्हणणं म्हणजे जो दिसेल त्याच्यावर बंदूक रोखणं. शोधाशोधीला हातातली थर्मल दुर्बीण वेगळी हवी. खर्च वाढतो? वाढू द्या. शेजारी तरी वाचतो.

एवढं करून डुकरं कमी होतात का? टेनेसीने १९९९मध्ये राज्यभर शिकार खुली केली. शिकारीची हौस एवढी, की लोकांनी नव्या भागांत डुकरं नेऊन सोडली. मूठभर काउंट्यांतलं डुक्कर २०११पर्यंत ऐंशीच्या आसपास काउंट्यांत पोचलं. शेवटी खुली शिकार बंद करावी लागली.

मिसुरीने तर २०१६मध्ये संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकरांची शिकारच थांबवली. कारण साधं: गोळीने एक पडतं आणि बाकीचा कळप पांगतो. मोठ्या कुंपणाच्या सापळ्यात अख्खा कळप एका रात्रीत अडकतो.

पण सापळ्याला ना झूम, ना मिलिकेल्विन. मित्रांना दाखवणार काय?

तेव्हा स्कोप खुशाल घ्या. हौसेला मोल नसतं. फक्त शेत वाचवायला घेतलाय, असं बायकोला सांगू नका.