कर्नाळ्यासाठी लेन्सनिवड : काही नियम

बऱ्याच वर्षांनी छायाचित्रणाकडे परतणाऱ्याने कपाटातल्या कोणत्या लेन्स ठेवाव्यात, याचा निकाल कर्नाळ्यात लावणे शास्त्रशुद्ध आहे. पनवेलजवळचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचे. त्यापूर्वीचे पक्षी लेन्सविनाच उडत.

मुख्य निकष लांबीचा. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा तिबोटी खंड्या जेमतेम १३ सेंटीमीटरचा, म्हणून त्याच्यासाठी ६०० मिलिमीटरची, तीनेक किलोची लेन्स ठेवणे ओघानेच येते. पक्षी जितका लहान तितकी लेन्स मोठी, या नियमाने पुढेमागे मुंगीसाठी क्रेन लागेल; वनखात्याने वाट रुंद करून ठेवावी.

५० मिलिमीटरची लेन्स आधी विकावी. ती हलकी, स्वस्त आणि झाडीच्या अंधारातही चित्र देणारी असल्यामुळे फोटो बिघडल्यास दोष थेट छायाचित्रकाराकडे येतो. एफ/६.३ ची झूम मात्र जपावी. दाट सावलीत तिच्यामुळे शटर मंदावते आणि हललेल्या फोटोला तांत्रिक कारण मिळते. मॅक्रो विकता येत नाही, कारण जाहिरातीत किंमत लिहावी लागते आणि ती घरी सांगितलेली नसते.

उरलेल्या लेन्सबाबत घाई नको. कोकणच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, मग गिऱ्हाईक फिरकत नाही आणि त्या आपोआप संग्रहात राहतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

अशा संग्रहातून होणाऱ्या कर्नाळावारीत एक फोटो हमखास स्पष्ट येतो : मांडीएवढी लेन्स खांद्यावर घेतलेला छायाचित्रकार. तो सोबत आलेल्या मेहुण्याने मोबाइलवर काढलेला असतो.