धाकट्या पातीचे शिपाई

फ्रेंचमध्ये ‘कॅडेट’ म्हणजे धाकटा मुलगा, हे कळलं आणि एनसीसीतल्या माझ्या खाकी पँटचं कोडं सुटलं.

ही पँट कॉलेजच्या स्टोअरमधून मिळाली होती. कमरेच्या आतल्या पट्टीवर मार्करने लिहिलेले आणि खोडलेले आधीच्या मालकांचे रोल नंबर होते. त्यातला एक मालक बहुधा पैलवान असावा. ‘साब, ढीली है,’ म्हणालो तर हवालदारसाहेबांनी वर न बघता विचारलं, ‘बेल्ट किसलिए दिया है?’ जन्मभर दादाचे उतरलेले शर्ट घातलेल्या माणसाला हे नवीन नव्हतं. फक्त या खेपेस दादा अनोळखी होते.

तर हा ‘कॅडेट’ शब्द फ्रान्समधल्या गास्कनीतला. मूळ लॅटिन, अर्थ छोटं डोकं, म्हणजे छोटा म्होरक्या. तिकडच्या सरदार घराण्यांत वाडा आणि जमीन बहुतेक थोरल्याच्या वाट्याला. धाकटे राजाच्या फौजेत जाऊन नशीब काढत. पुढे अधिकारी व्हायला शिकणारा कुणीही कॅडेट ठरला, मग तो घरात एकुलता एक का असेना. घराण्याच्या धाकट्या शाखेला इंग्रजीत आजही ‘कॅडेट ब्रांच’च म्हणतात. आपण म्हणतो धाकटी पाती. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने एकाच गावात दोन राज्यं चालवली. तिथल्या धाकट्यांनी निदान अर्धं गाव तरी सोडलं नाही.

हाच शब्द स्कॉटलंडात गेला आणि ‘कॅडी’ झाला. आधी पडेल ती कामं करणारा पोऱ्या, मग गोल्फवाल्यांच्या काठ्या वाहणारा. त्यातूनच पुढे ‘कॅड’ निघाला, म्हणजे हलकट माणूस. एका घरातली तीन पोरं म्हणा ना: एक लष्करात, एक हमालीत आणि एक वाया गेलेलं.

आपल्याकडे या शब्दाचा पसारा मोठा आहे. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं रगडा खातो तो कॅडेट. पुण्यात एएफएमसीत हाडांची नावं घोकतो तो मेडिकल कॅडेट. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये सहावीत, आईच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडतो तोही कॅडेटच. मात्र बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत जवान व्हायला आलेला गडी रिक्रूट, आपला रंगरूट. म्हणजे फौजेतही थोरली-धाकटी पाती आहेच, फक्त उलटी: धाकट्याचं नाव लावणारे पुढे साहेब होतात. 2022 पासून एनडीएत मुलीही आल्या, त्यामुळे कित्येक घरांतल्या थोरल्या लेकी आता रीतसर धाकटे चिरंजीव आहेत.

मराठीत ‘छात्रसैनिक’ आहे, पण तो कार्यक्रमाच्या फलकावर. परेडला कुणी त्या नावाने हाक मारल्याचं ऐकलं नाही. त्यापेक्षा ‘ए चष्मा, कदम मिला’ हेच जास्त.

शेजारच्या काकूंना तर ‘कॅडेट’ही जमेना. ‘वहिनींचा धाकटा केडर झालाय,’ असं त्यांनी चाळभर सांगितलं. दोनच दिवसांत वॉर्डातले एक कार्यकर्ते दारात हजर. बाबांनी पुढे केलेला चहा घेत ते गंभीरपणे म्हणाले, ‘धाकटा तिकडे गेला, ठीक आहे. थोरला तरी आमच्याकडे द्या.’