दरडप्रवण गावांच्या यादीस अनावृत पत्र

प्रति,
सौ. यादीबाई दरडप्रवण,
मु. जिल्हाधिकारी कार्यालय, अलिबाग, जि. रायगड

सा. न. वि. वि.

मे महिना उजाडला की आपली आठवण येते. मान्सूनपूर्व आढावा बैठक लागते, फायलीवरची धूळ झटकली जाते, चहाबिस्किटांच्या साक्षीने आपलं वाचन होतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. संकट कुठे येणार ते ठरलं. उरलेला जिल्हा आपोआप सुरक्षित.

आपली थट्टा करवत नाही. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले, तेव्हापासून भूवैज्ञानिकांनी उतार मोजले, माती तपासली, गावांची वर्गवारी केली. ती मेहनत खरी आहे. तक्रार आहे ती डोंगरांविषयी. ते आपल्याला विचारतच नाहीत.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वस्ती, ढिगाऱ्याखाली गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं शोधूनही सापडली नाहीत. लगेच विधानसभेत सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण यादीत नव्हती. आता हे नेमकं कुणाला सुनावलं, डोंगराला की ढिगाऱ्याखालच्यांना? तीन दिवस मुसळधार पाऊस झाला, माती पाण्याने फुगली, खालच्या कातळाने तिला सोडलं. एवढं सगळं परवानगीशिवाय! वाडीला गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर चढेना, म्हणून माणसांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. जिथे जेसीबी चढत नाही तिथलं नाव यादीत कसं चढणार, हेही मी समजू शकतो.

पाऊसही आपल्यासारखाच, महसुली शिस्तीचा. पर्जन्यमापक महसूल मंडळात एके ठिकाणी, डोंगर दुसरीकडे. ढगाने मंडळाची हद्द पाळायची, एवढंच बाकी आहे.

आणि माळीण? आंबेगाव तालुका, 30 जुलै 2014, दरडीखाली 151 माणसं. गाव गेल्याची पहिली खबर एसटीच्या चालकाने दिली. तो गाडी घेऊन आला तर गाव जागेवर नव्हतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात एसटीचं वेळापत्रक जोडावं, ही सूचना मी तेव्हापासून मनात ठेवून आहे.

यादीत असलेल्यांचंही फार बरं चालतं असं नाही. जूनमध्ये नोटीस येते: सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. ऐन लावणीत, चिखलात पाय रुतलेल्या माणसाने गुरं, कोंबड्या, म्हातारी आई घेऊन नेमकं कुठे जायचं, याला नोटिशीत जागा नसते. जोखीम मात्र त्या कागदाने खरोखर कमी होते. फक्त कुणाची, ते विचारू नये.

म्हणून एक विनंती. शेवटच्या पानावर थोडी कोरी जागा सोडा. कातकरी-ठाकर वाडीतल्या बायकांना ठाऊक असतं की यंदा वरच्या अंगाला भेग पडली, नवा पाझर फुटला, विहिरीचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं एका बाजूला कलली, घराचं दार लागेनासं झालं. त्या पदवीधर नसतात, पण भरपावसात घरीच असतात. त्यांनी सांगितलेलं तलाठ्याने लिहून घ्यावं आणि त्यावरची बैठक जुलैआधी व्हावी.

कळावे,
आपला,
यादीबाहेरचा एक रहिवासी

ता. क. ज्या वाडीला स्थलांतरासाठी नेमून दिलेली सुरक्षित शाळाच उताराखाली आहे, तिला वेगळी नोटीस काढणार का?