नवशिक्यांसाठी, म्हणे

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात प्रोग्रामिंगचं पुस्तक मागितलं की दुकानदार मान वर न करता विचारतो, “कुठलं सेमिस्टर?” नुसतंच शिकायचंय म्हणालात, तर मात्र मान वर होते. मग काउंटरवर थप्पी पडते: चोवीस तासांत शिकवणारं, एकवीस दिवसांत शिकवणारं. पीटर नॉर्विग या जाणकाराने ‘दहा वर्षांत प्रोग्रामिंग शिका’ असा लेख लिहून या घाईची केव्हाच टर उडवली. पण दहा वर्षं सेमिस्टरमध्ये बसवायची कशी?

तज्ज्ञ मित्राला विचारावं, तर तो हमखास कर्निगन आणि रिची यांचं ‘सी’ या भाषेवरचं १९७८ चं पुस्तक सुचवतो. पुस्तक थोरच, वादच नाही. फक्त ते नवशिक्यांसाठी नाही, हे लेखकांनीच प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. प्रस्तावना वाचतो कोण! सुरुवातीला ‘हॅलो, वर्ल्ड’ म्हणत जगाला नमस्कार, शंभर पानांच्या आत पॉइंटरचा अवघड विषय. तिथे खुणेचा कागद जो अडकतो, तो कायमचा.

खरोखर नवशिक्यांसाठीचंच हवं, तर अल स्वेगार्ट या लेखकाने पायथन या भाषेचं पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलंय. शेकडो फायलींची नावं बदलणं, एक्सेलचे रकाने भरणं, असली कंटाळवाणी कामं संगणकाच्या गळ्यात कशी मारायची, ते त्यात आहे. पण फुकटचं ते हलकंच असणार. शिवाय शोकेसमध्ये ठेवणार काय?