एका मिनिटाचं रबर

बंगळुरूतल्या ज्या सद्गृहस्थांनी मागच्या चाकांवर पळणारी स्पोर्ट्स कार घेऊन ऑटोक्रॉसचा नाद धरला आहे, त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे, एकेकाने त्यांतून गाडी पिळत न्यायची, मिनिटभरात खेळ खलास. त्या मिनिटासाठी महिनाभर टायरवर खल चालतो. ट्रेडवेअर, म्हणजे रबराच्या टिकाऊपणाचा आकडा, 200 की त्याहून कमी? रबर असं मऊ हवं, की पहिल्याच वळणाला तापून डांबराला चिकटेल. मागचे टायर पुढच्यांहून रुंद घ्यावेत का? मागची हवा एक पौंड उतरवली तर शेपूट सुटायची थांबेल का?

असे हे टायर मग शहरातून मैदानाकडे निघतात. टॉमटॉमच्या पाहणीनुसार 2022 साली इथे मध्यवस्तीत 10 किलोमीटरला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागत. या वेगात रबर तापत नाही, ही रास्त तक्रार. म्हणून सुचवावंसं वाटतं, की स्पर्धा सिल्क बोर्ड चौकातच भरवावी. खड्डे, बॅरिकेड, उघडी गटारं. शंकूंचा खर्च नाही आणि मांडणी रोज नवी.

अडचण एकच. नियमाने मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाड्यांच्या गटात रिक्षाही बसते. ताकद मागच्या चाकांना, इंजिनही पोर्शे 911 सारखं मागेच, आणि आठ इंची टायर वापरून वापरून अस्सल रेसिंग स्लिक झालेले. पहिला नंबर तिचाच. फक्त वेळ मीटरवर मोजतो म्हणू नये. चालक तिथल्या तिथे माघार घेईल.